आशीर्वादाचा खांदा

गुळवणी सरांकडे शेवटी कामाचे दोनच सांधे उरले होते आणि ते दोन्ही मानेत होते. एक होकाराचा, एक नकाराचा.

कराडच्या शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हापासूनचा हा त्यांचा आवडता विनोद. कवटी मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकते तिथल्या सांध्यानं मान वर-खाली होते, म्हणजे माणूस हो म्हणतो. तो पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो, त्यानं मान आडवी हलते, म्हणजे माणूस नाही म्हणतो. "निसर्गानं होकार आणि नकार वेगवेगळ्या खात्यांकडे दिलेत," सर सांगत, "म्हणून तर फायली अडकतात." पुढच्या बाकांवरची मुलं हसत, मागच्या बाकांवरची खिडकीबाहेर बघत, आणि त्यांतलीच काही पुढे त्या खात्यांत नोकरीला लागली.

बाकीचे सांधे ते हाताशी असेल त्यावर भागवत. वर्गाचं दार म्हणजे कोपर आणि गुडघा. बिजागरीचा सांधा. एकाच बाजूला उघडतो, उलट ढकलला तर मोडतो. घरून आणलेला खलबत्ता म्हणजे खांदा. उखळीचा सांधा, गोल डोकं गोल खळग्यात, फिरवाल तिकडे फिरतो. अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा असतो, तो दाखवायला घोडा लागे. शाळेकडे घोडा नसल्यामुळे वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा ओणवा होई. पुढे आमदार झालेला एकजण अजून सांगतो की आपल्या पाठीवर विज्ञान उभं आहे.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच दिवाळीत आकाशकंदील लावताना सर शिडीवरून पडले आणि मानेखालचा सगळा कारभार बंद झाला. होकार, नकार आणि जबडा एवढं राहिलं. निवृत्त शिक्षकाला खरं तर याहून जास्त लागत नाही, असं ते भेटायला येणाऱ्यांना स्वतःच सांगत.

पण जो स्वतः हलत नाही त्याला दुसऱ्या कुणीतरी हलवावं लागतं. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाची कातडी त्याच्याच वजनाखाली मरते, आणि ज्याला अंगाची जाणीव नाही त्याला ती मेल्याचं कळतही नाही. सरांना वळवण्याचं काम हेमलताबाईंचं. शुश्रूषा शिकलेली कराडातली मुलं-मुली एव्हाना जर्मनीनं आणि जपाननं वाटून घेतली होती, त्यामुळे पगारी माणूस मिळणं म्हणजे लॉटरी. बाईंची पद्धत साधी होती. सरांच्या खाली जुन्या सुती साडीची चौघडी असे. एक गुडघा गादीवर रोवायचा, चौघडीची कड दोन्ही अंगठ्यांत घट्ट धरायची आणि खांद्यांतून आपल्याकडे ओढायचं. त्याआधी विचारायचं, "कुठं बघायचंय?"

उजव्या कुशीला भिंत होती, डाव्या कुशीला स्वयंपाकघर. सर दर वेळी स्वयंपाकघर म्हणत. दर वेळी ते मिळत नसे, पण विचारलं जाई.

मुलगा निनाद बंगळूरला होता. त्याचं म्हणणं, बाबांना 'विसावा'मध्ये ठेवावं. विसावा हे शहराबाहेरचं शुश्रूषा केंद्र. तिथले पलंग माणसाला आपोआप वळवत, हवा-पाणी बघत, नातेवाइकांना मोबाइलवर हिरवा दिवा दाखवत. सरांनी नकाराचा सांधा वापरला. मग निनादनं फोन ठेवल्यावर सर हेमलताबाईंना म्हणाले, "तिथं कुणी विचारणार नाही, कुठं बघायचंय म्हणून." बाईंनी त्या दिवशी शब्द दिला, जोवर माझे हात चालताहेत तोवर तुम्हाला कुठंही पाठवणार नाही.

शब्द देताना हात चालत होते. चार वर्षांनी दोन्ही खांदे, दोन्ही गुडघे आणि दोन्ही अंगठे झिजले. चौघडी धरली की अंगठ्याच्या मुळातून अशी कळ निघे की डोळ्यांत पाणी येई. सरांना ते दिसे आणि ते छताकडे बघत.

गतिरस आला तो याच सुमारास. डॉक्टर मृणाल बेडेकर म्हणून एक तरुण सांधेतज्ज्ञ होत्या, त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी खराब सांधा कापून लोखंडी बसवत. आता सुईनं सांध्यात गतिरस नावाचा दाट द्रव सोडायचा. त्यात कूर्चा तयार करणाऱ्या जिवंत पेशी असतात. त्या पेशी आंधळ्या असतात, सांधा कसला आहे ते त्यांना ठाऊक नसतं. उखळी की बिजागरी, हे त्यांना हालचालीवरूनच कळतं. ज्या वाटेनं हाड फिरतं त्या वाटेवर त्या काचेसारखा गुळगुळीत थर घालतात. ज्या वाटेनं कुणी जातच नाही तिथं तंतू माजतात, आणि शेवटी त्यांचं हाड होतं.

"माळावरची पायवाट असते ना, तसं," डॉक्टर म्हणाल्या. "चाललात तर वाट, नाहीतर गवत. पाच-सहा आठवडे वाट पडत असते. मग जे पडलं ते पडलं. तेव्हा आयुष्यभर जे करायचंय ते सगळं या दिवसांत थोडं थोडं करा. वळा, वाका, ओढा, भाकऱ्या थापा. नुसत्या बसून राहू नका."

बाईंनी विचारलं, नवऱ्याला वळवता येईल का? डॉक्टर म्हणाल्या, वळवा की, तेच तर सांध्यांना शिकवायचंय. मग त्यांनी बाईंच्या मनगटावर एक रबरी पट्टी बांधली. व्यायाम करून घेणारी माणसंही जर्मनीला गेल्यामुळे आता त्यांच्या जागी पट्टी आली होती. सांधे हलले की ती मोजणार आणि पुरेसे हलले की शाबासकी देणार. किती हलले हे तिला अचूक समजे. काय केलं हे विचारायचं तिच्या कंपनीला सुचलं नव्हतं.

सुया टोचून बाई घरी आल्या त्या दिवशी संध्याकाळी सिंधुवन्सं बॅग घेऊन दारात उभ्या. वन्सं म्हणजे सरांची थोरली बहीण. त्यांनी सात जणींची बाळंतपणं केली होती आणि त्यांतली एकही बाळंतीण त्यांच्या परवानगीशिवाय खाटेवरून उतरली नव्हती. डॉक्टरनं काय सांगितलं हे त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की पाच-सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिनाच झाला की. सांधे नवे आहेत म्हणजे अंग ओलं आहे. ओल्या अंगानं काम केलेल्या बायका पुढे कशा कुरकुरतात हे डॉक्टरनं पुस्तकात वाचलेलं नाही, आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या क्षणापासून हेमलताबाईंना पाण्यात हात घालायची बंदी झाली. डिंकाचे लाडू आले, आळीव आले, डोक्याला स्कार्फ आला. खिडकीशी खुर्ची मांडून त्यात बाईंना बसवलं. गुडघे खुर्चीच्या कोनात मिटले ते झोपेपर्यंत तसेच राहिले. करायला काही नाही म्हणून हातात मोबाइल दिला. अंगठा दिवसभर पडद्यावर खालून वर, खालून वर.

सरांसाठी प्रशांत नावाचा एक शिकाऊ ब्रदर मिळाला. त्याचा व्हिसा यायचा होता तोपर्यंतच तो मोकळा होता. तो सरांना सफाईनं वळवी. कुठं बघायचंय ते विचारत नसे, पण सरच सांगत.

एकदा, प्रशांत जेवायला गेला असताना, बाई खुर्चीतून उठल्या. डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या मनात टोचत होतं. गुडघा गादीवर ठेवून त्यांनी चौघडीची कड धरली. वन्सं स्वयंपाकघरातून आल्या त्या चमच्यासकट.

"हेमा, सोड ते. तुझे खांदे निखळले तर माझ्या भावाला कोण बघणार? मी?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. इथं विज्ञानशिक्षकानं बोलायला हवं होतं. त्यांनी आयुष्यभर सांधेच शिकवले होते आणि डॉक्टरांची पायवाट त्यांना इतरांपेक्षा नक्कीच जास्त कळली होती. पण डाव्या कुशीवरून त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा बायको बसलेली दिसत होती. पाठ टेकून, हातात चहा घेऊन, दुसऱ्या कुणीतरी केलेला. ते दृश्य त्यांना फार आवडलं होतं.

"बस गं," सर म्हणाले. "थोडे दिवस बस. मला बघू दे."

त्या बसल्या.

त्याच सव्वा महिन्यात गुरुपौर्णिमा आली. तेहतीस वर्षं शिकवलेल्या माणसाकडे त्या आठवड्यात किती लोक येतात याची कल्पना ज्यानं शिकवलेलं नाही त्याला येणार नाही. पेढे घेऊन, बायकामुलं घेऊन, चपला दाराबाहेर ढीग करून विद्यार्थी येत राहिले. येणारा आधी सरांच्या पायांवर डोकं ठेवी. सरांचा हात उचलत नसे. एरवी बाई तो उचलून विद्यार्थ्याच्या डोक्यावर ठेवत. आता काही उचलायचंच नव्हतं, म्हणून सरांच्या वतीनंही त्याच उजवा हात वर करत आणि म्हणत, औक्षवंत हो. मग विद्यार्थी त्यांच्या पायांशी येई. पुन्हा हात, पुन्हा औक्षवंत हो. मग त्याची बायको, मग मुलं, त्यांनाही दोन-दोनदा. आमदारसाहेब पन्नास कार्यकर्त्यांसह आले. कार्यकर्त्यांनी सरांचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण साहेब वाकले म्हटल्यावर ते सगळे वाकले.

पट्टी खूष होती. "शाब्बास," ती रोज संध्याकाळी मंजुळ आवाजात म्हणे, "आज खांद्याची हालचाल अतिशय उत्तम." वन्सं तिला ऐकून मान डोलवत. यंत्रालासुद्धा कळतं, म्हणत.

सव्वा महिना संपला. प्रशांतचा व्हिसा आला, तो पेढे देऊन गेला. वन्संनी भावजयीची नारळानं ओटी भरली, घराला दृष्ट लागू नये म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि गेल्या. बाईंनी दार लावलं. पदर खोचला. इतक्या दिवसांनी अंगात कुठंच कळ नव्हती आणि त्यांना हलकं, जवळजवळ तरुण वाटत होतं.

"कुठं बघायचंय?"

"स्वयंपाकघर," सर म्हणाले. "विचारतेस काय."

त्यांनी गुडघा गादीवर ठेवायला उचलला. तो खुर्चीच्या कोनापर्यंत मिटला आणि थांबला, कडी लागल्यासारखा. गादी त्या कोनाच्या वर होती. त्यांनी उभ्यानंच चौघडी धरायला हात घातला. अंगठा कापडाभोवती वळेना, तो कापडावरून नुसता वर सरकला, पुन्हा वर सरकला. शेवटी बोटांत कड अडकवून त्यांनी आपल्याकडे ओढायला जोर लावला. खांदा मागे जाईना. डावा मांडीजवळच बसून राहिला. उजव्यानं त्या जोराला सापडली ती एकच वाट धरली आणि हात पुढून वर गेला, लोण्यातून सुरी जावी तसा, तळवा समोर करून.

कुठंच दुखत नव्हतं. त्यांनी पुन्हा जोर लावला आणि हात पुन्हा वर गेला.

सर खालून बघत होते. पलंगाशी उभी राहून आपली बायको आपल्याला एकामागून एक आशीर्वाद देते आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "खांद्याला आपण एवढंच शिकवलं गं."

डॉक्टर बेडेकरांनी खांदा फिरवून पाहिला. खरं म्हणजे फिरवायला गेल्या आणि थांबल्या. घरी काय काय केलं ते विचारलं. बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी पट्टीचे आकडे काढले, ते डोळे दिपवणारे होते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि पडदा उलटा करून ठेवला. उरलेल्या जागी आता हाड झालं होतं. खरवडायला गेलं तर मूळचं हाडही येईल. कंपनीला कळवून पाहिलं तेव्हा तिकडून उलट टपाली अभिनंदन आलं. एका दिशेतली इतकी निर्दोष हालचाल त्यांच्या कुठल्याच रुग्णात दिसली नव्हती आणि वार्षिक संमेलनात बाईंना मंचावर बोलावता येईल का, अशी विचारणा होती.

निनादला काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. कळलं असतं तर तो दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला असता आणि ती गाडी विसावाकडे गेली असती. शेजारच्या माने वहिनी सकाळी आणि संध्याकाळी येऊन सरांना वळवून जात. मधल्या वेळी कुणी नसे. त्यांना आणखी बोलवावं तर त्या निनादच्या बायकोशी फोनवर बोलत, म्हणून बाई सांगत की मधलं माझं मी बघते. बघत असत, हे खरं. खुर्ची पलंगाला लावून बसत आणि बघत.

सरांना दुखत नव्हतं, कारण त्यांना काहीच जाणवत नव्हतं. बाईंना दुखत नव्हतं, कारण गतिरस खरोखरच चांगला होता. घरात कुणालाच काही दुखत नव्हतं, त्यामुळे बराच काळ सगळं ठीक चाललं.

जखम माकडहाडाशी झाली. माने वहिनींना दिसली तेव्हा लहान होती. बाईंनी त्यांना मलम दाखवलं आणि डॉक्टर येऊन गेले म्हणून सांगितलं. डॉक्टर आले नव्हते. नंतर वास येऊ लागला. बाई उदबत्ती लावू लागल्या, आधी एक, मग मूठभर. एका रविवारी फोनच्या पडद्यावर निनादला खोलीत धूर दिसला आणि त्यानं विचारलं, आई, आज काय आहे? आज काहीच नव्हतं. बाईंना पटकन सणही सुचला नाही. तो संध्याकाळच्या विमानानं आला. वडिलांना कुशीवर करून त्यानं पाहिलं आणि तो मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

बाहेर येऊन त्यानं आईला एकच प्रश्न केला. "मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"तुला माहीत आहे काय झालं असतं ते," बाई म्हणाल्या.

तेच झालं, पण उशिरा झालं. विसावामधला पलंग उत्तम होता. ठरल्या वेळी तो मंद गुणगुणत कलंडे, या बाजूला, मग त्या बाजूला. एका भिंतीवर महाबळेश्वरचं चित्र होतं, दुसऱ्या भिंतीवर तेच चित्र उलट्या बाजूनं. निनादच्या मोबाइलवर हिरवा दिवा होता. जखम मात्र आत हाडापर्यंत गेली होती आणि तिथून रक्तात. औषधं चालू होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी निनादला बाजूला घेऊन सांगितलं की औषधं चालू ठेवता येतील. पुढे काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि निनादनं विचारलं नाही.

बाई रोज येत. खुर्चीत बसत. बसण्यात त्यांचा हात धरणारं आता कुणी नव्हतं. पलंग सरांना त्यांच्या बाजूला वळवी तेव्हा दोघं बोलत. विरुद्ध बाजूला वळवी तेव्हा बाई त्यांच्या पाठीकडे बघत थांबत. एकदा निनाद म्हणाला, आई, तू त्या बाजूला जाऊन बस ना, खुर्ची मी हलवतो. तसं त्या दिवसापासून करू लागले. पलंग गुणगुणला की निनाद खुर्ची उचलून पलीकडे नेई.

ताप चढला त्या दुपारी सरांचा आवाज बारीक झाला होता, पण जबडा चालू होता.

"हेमा, मी विद्यार्थी आहे असं समज."

"काहीतरीच काय."

"मला वाकता येत नाही, तेवढी सवलत दे. पाया पडलो असं धर."

"तुम्ही मोठे. शोभतं का ते?" बाई म्हणाल्या. "पाया मी पडायचं. तेही राहिलंय. गुडघा तेवढा वाकत नाही."

"म्हणून तर," सर म्हणाले. "तुला जे येतं तेच मागतोय. शिकवलेल्यावरच प्रश्न काढलाय."

बाई हसल्या नाहीत. निनाद खिडकीशी उभा होता, तो आता बाहेर बघू लागला. बाईंनी हात उचलला. तो नेहमीसारखा गेला, सहज, बिनआवाज, तळवा समोर. आणि हातामागून नेहमीसारखे ते दोन शब्दही घशाशी आले. "औक्ष..." एवढं त्या म्हणाल्या.

सरांची मान आडवी हलली.

ती पुन्हा हलली, या कानापासून त्या कानापर्यंत, उशीवर केस घासले जाण्याचा आवाज येईपर्यंत. इतकी वर्षं विसावाला ते जो नकार देत आले होते, तितकाच ठाम नकार होता तो. मग ते थांबले आणि बायकोकडे बघत राहिले.

बाईंचा हात वरच होता. मांडीवरचा डावा हात जागचा हलू शकत नव्हता, डोळे पुसायलाही. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पलंगाच्या कडेला पेटलेल्या बारीक हिरव्या दिव्याकडे, आणि आयुष्यात कुणालाच दिला नव्हता तो आशीर्वाद त्यांनी शोधून काढला.

"मोकळे व्हा," त्या म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. या वेळी वर-खाली.